चार-अकराचे डोळे

"तुमच्यापैकी कोणी स्वतःच्या वाइनचा अख्खा ग्लास कधी संपवलाय का? खरं खरं सांगा हं!"

विचारलं! सिग्नी टोलेफ्सनला स्वतःलाच पटेना. चर्चच्या तळघरात, द्राक्षवाल्यांच्या हिवाळी बैठकीत, तालुक्यातल्या यच्चयावत द्राक्षवाल्यांसमोर, हातात माइक धरून तिनं हा प्रश्न विचारला होता. मागच्या खुर्च्यांवर तिच्या मैत्रिणी पाहुआ आणि डेलेनी एकमेकींच्या खांद्यात तोंडं खुपसून गदगदत होत्या. पैज त्यांचीच होती. "विचारून दाखव, महिनाभर बसमधली खिडकीची जागा तुझी," असं डेलेनी म्हणाली होती आणि "ही कसली विचारतेय!" असं पाहुआ. तेवढं पुरलं.

मागच्या वर्षीपर्यंत खरंच नसतं विचारलं तिनं. उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी मुलगी होती ती. पण ऑक्टोबरात जिल्ह्याच्या माती ओळखण्याच्या स्पर्धेत खड्ड्यात उतरून तिनं परीक्षकाशी वाद घातला, वाद जिंकला आणि ढालही आणली. तेव्हापासून सिग्नीला आपला आवाज सापडला होता, आणि सोळाव्या वर्षी सापडलेली वस्तू काय कोणी खाली ठेवतं?

 कॉफीचं भांडं तेवढं गुडगुडत होतं. मग मंडळाचे अध्यक्ष वेंडेल घसा खाकरून म्हणाले, "अं... प्रश्न वेगळाच आहे हं."

झालं. सिग्नीला हे 'वेगळाच' चांगलं माहीत होतं. इकडे कोणी कशाला वाईट म्हणत नाही. केक करपला तर 'वेगळा लागतोय', सून आवडली नाही तर 'वेगळी आहे'. आणि आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी, सगळ्यांनी सात जातींच्या सात वाइन छोट्या कपांतून चाखून पाचापैकी गुण दिले होते. सिग्नीला वाइन प्यायची परवानगी नव्हती, पण गुणांची बेरीज करायचं काम तिच्याकडेच होतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, फ्रॉन्टेनॅक नावाच्या, थंडीला दाद न देणाऱ्या जातीचा घोट घेतल्यावर वेंडेलचा डावा डोळा आपोआप मिटला, मान थरथरली, हात टेबलाचा आधार शोधायला लागला. आणि त्यांनी गुण किती दिले? चार! बाकीच्यांनीही तसंच केलेलं. सातही वाइनची सरासरी साडेतीनच्या आसपास. म्हणजे वर्षभर वेली वाढवायच्या, द्राक्षं तोडायची, रस काढायचा, आंबवायचा, आणि शेवटी कळायचं काय? तर सगळं कसं छान आहे! अशानं कोणती जात लावायची आणि कोणती उपटायची हे देव तरी सांगू शकेल का?

"वेगळा असू दे," सिग्नी माइकमध्ये म्हणाली, "पण उत्तर काय?"

कोणीतरी हसलं. मार्लिस नावाच्या बाई म्हणाल्या, "आम्ही बाई भेट देतो ती सगळी. नाताळात."

"लोकांना आवडते?"

"परत कधी मागितली नाही कोणी," मार्लिसबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे कळून त्यांनी पटकन लेमन बारची वडी तोंडात कोंबली. आता मात्र तळघर खदखदून हसलं.

हसू ओसरल्यावर वेंडेल हळूच म्हणाले, "मी एक ग्लास संपवलाय. माझ्या वाइनचा नव्हे, रोल्फच्या. ती चार-अकराची. संपवला आणि... आणखी अर्धा मागून घेतला."

सगळ्यांच्या माना वळल्या. वेंडेलनी मागून घेतला! सिग्नीचा बाबा, रोल्फ, दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. त्याचे कान लालबुंद झाले. त्यानं टोपी काढली, परत घातली.

चार-अकरा ही बाबाची स्वतःची जात. नदीकाठची रानटी वेल आणि युरोपी रक्ताची एक सुवासिक पांढरी जात, यांचा संकर त्यानं स्वतः चिमट्यानं परागकण लावून केला होता. शेकडो बिया पेरल्या. बहुतेक रोपं हिवाळ्यांनी मारली. वाफ्यातल्या चौथ्या ओळीतलं अकरावं रोप तेवढं जगलं, म्हणून तिचं नाव चार-अकरा. मग तिच्या काड्यांपासून एक पूर्ण ओळ त्यानं घराच्या अंगणाला लागून लावली, बाकी सगळ्या जातींच्या पुढे. आणि खरंच सांगायचं तर चार-अकराची द्राक्षं ही एकच द्राक्षं होती जी सिग्नी तोंड वाकडं न करता घोसच्या घोस खायची. जर्दाळूसारखा वास यायचा त्यांना.

पण इकडे वासाला कोण विचारतो? इकडे प्रश्न एकच. जानेवारीत पारा उणे तीसपर्यंत उतरतो तेव्हा वेल जगते का? म्हणून दर वसंतात काड्यांवरचे डोळे, म्हणजे जिथून नवी फूट येते ते फुगवटे, चिरून बघायचे. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर गेला. सिग्नीनं तीन वर्षांपासून हे काम शाळेचा प्रकल्प म्हणून स्वतःकडे घेतलं होतं, आणि आज तेच सांगायला ती उभी होती. तिनं सांगितलंही, ठणठणीत आवाजात. गेले तीन वसंत चार-अकराचे जवळजवळ सगळे डोळे हिरवे निघाले होते. फ्रॉन्टेनॅकच्या तोडीस तोड! बाकीच्या सुवासिक जाती त्याच शेतात जमिनीपर्यंत मेल्या होत्या.

टाळ्या पडल्या. आणि मग अघटित घडलं. बाबा उभा राहिला. कुठल्याही बैठकीत कधीही न उठणारा माणूस! टोपी दोन्ही हातांत पिळत म्हणाला, "मे महिन्यात टेकडी लावतोय. सगळी टेकडी. चार-अकराच."

एवढंच बोलून तो खाली बसला, पण त्यानंतर कलमांसाठी हात वर व्हायला लागले. वेंडेल, मार्लिसबाई, आणखी तिघं-चौघं. सगळ्यांना चार-अकराच्या काड्या हव्या होत्या. आई कॉफीच्या भांड्यामागे उभी होती. तिच्याकडे बघून सिग्नीनं अंगठा उंचावला. आईनं हसून मान खाली घातली आणि आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसायला घेतलं.

*

मार्चच्या मध्यावर छाटणी झाली. बाबा काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो, त्यामुळे हिवाळाभर त्याचं तोंड घरी फारसं दिसत नाही. छाटणी सिग्नीनंच केली, पाहुआला मदतीला घेऊन. पाहुआच्या घरची मंडळी भाजीचा मळा करतात आणि दर शनिवारी बाजारात बसतात. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिची जीभ इतकी धारदार झालेली की चाकूची गरजच पडू नये.

दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. बादलीत प्रत्येक ओळीच्या काड्या, हातात दाढीचं पातं. डोळा आडवा चिरायचा आणि बघायचं. फ्रॉन्टेनॅक हिरवी, खालपासून वरपर्यंत हिरवी. मग चार-अकराची जुडी घेतली.

"तपकिरी," पाहुआ म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघतेय. तपकिरी. हा पण. हा तर काळाच."

सिग्नीनं तिच्या हातातून काडी जवळजवळ हिसकावली. चिरला. तपकिरी. दुसरा. तपकिरी.  एकामागून एक डोळे ती चिरत गेली आणि सगळे मेलेले. मग अचानक, काडीच्या बुडाकडे, हिरवा! त्याखालचा हिरवा. त्याखालचे सगळे हिरवे, टवटवीत.

दुसऱ्या काडीतही तेच. तिसऱ्या काडीतही तेच. वरचे सगळे मेलेले, खालचे सगळे जिवंत, आणि मधे एक सीमा. पाहुआनं काड्या टेबलावर बुडं जुळवून ओळीनं मांडल्या. सीमा सगळ्या काड्यांवर जवळपास एकाच उंचीला येत होती.

"कोणीतरी पट्टी लावून रेघ मारल्यासारखं आहे," पाहुआ म्हणाली. "तुमच्याकडे थंडी पट्टी घेऊन येते का?"

सिग्नीला हसू आलं नाही. तिच्या डोक्यात एक नको असलेली गोष्ट हळूहळू उजेडात यायला लागली होती. आजवर चार-अकराचे ओलांडे, म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्या, खालच्या तारेवर असायचे, गुडघ्याच्या उंचीला. टेकडीवर उंच तारेची पद्धत वापरायची म्हणून गेल्या उन्हाळ्यात बाबानं पहिल्यांदाच त्या वेली वर, खांद्याच्याही वर चढवल्या होत्या. म्हणजे मागची तीनही वर्षं जे डोळे तपासले ते सगळे गुडघ्याजवळचे होते.

दोघी बूट चढवून बाहेर पळाल्या. पहिल्या ओळीच्या बुडाशी बर्फाचा ढीग अजून होता. उन्हानं खचलेला, वरून काळपट पडलेला. पण खांबावर त्याची जुनी खूण दिसत होती, कमरेच्या थोडी वर. सिग्नीनं हातातली काडी वेलीला लावून धरली. मेलेले डोळे खुणेच्या वर, जिवंत डोळे खुणेच्या खाली.

"पांघरूण घेऊन झोपली होती की तुमची शूर वेल," पाहुआ म्हणाली.

"गप गं."

"मी काय केलं? बाकीच्या ओळींवर तर बर्फ नाहीच एवढा. हिच्याचवर कसा?"

"शेडच्या आडोशानं साचतो," सिग्नी म्हणाली. घरात सगळे असंच म्हणायचे. तिनंही लहानपणापासून तेच ऐकलेलं. पण तोंडातून शब्द बाहेर पडता पडता तिनं वळून शेडकडे पाहिलं. शेड पूर्वेला होती. वारा इथं हिवाळाभर वायव्येचा. आडोशाचा बर्फ साचायचा तर शेडच्या पलीकडे साचायला हवा, इकडे कसा? इकडे तर वाऱ्यानं सगळं झाडून न्यायला हवं. जिथं बर्फ साचूच शकत नाही तिथं तो दर वर्षी कमरेएवढा साचत होता आणि घरातल्या एकालाही त्याचं नवल वाटलं नव्हतं!

*

बाबा टेकडीवर होता. सुट्टीच्या दिवशी तो हल्ली टेकडीवरच असायचा. जमीन अजून दगडासारखी गोठलेली, पण तो लोखंडी पहारीनं भोकं पाडून तारांवरच्या छोट्या नारिंगी झेंड्या रोवत होता, जिथं जिथं ओळ सुरू होणार तिथं. सगळी टेकडी फडफडत होती. आणि टेकडीवर बर्फ म्हणाल तर ठिपकासुद्धा नव्हता. इथला वारा सगळा बर्फ उचलून खाली ओढ्यात नेऊन टाकतो, हे तिला आज पहिल्यांदा दिसल्यासारखं दिसलं.

"बाबा, चार-अकराचे वरचे डोळे मेलेत."

"हं?"

"मेलेत. सगळे. बर्फाच्या वरचे सगळे मेलेत. बर्फात दबलेले तेवढे जगलेत."

बाबानं पहार जमिनीला टेकवली. तिनं पुढे केलेली काडी हातात घेतली, फिरवली. "यंदाची थंडी जरा वेगळी होती, सिग."

"फ्रॉन्टेनॅकला नाही वाटली वेगळी!"

"दुय्यम डोळे असतात की. मुख्य डोळा गेला तरी बाजूचा फुटतो."

"तेही मेलेत. एकेका डोळ्यात तीन कोंब असतात, तिन्ही मेलेत. भिंगाखाली बघितलं मी."

"नव्या काड्या नीट पिकल्या नसतील. पहिल्यांदाच एवढ्या उंच गेल्या बिचाऱ्या."

"बाबा! या टेकडीवर बर्फ टिकतो का?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. झेंड्या फडफडत होत्या. "इथला निचरा चांगला आहे," तो म्हणाला. "दव लवकर सुकेल."

सिग्नीला वाटलं, आता आपण ओरडणार. ओरडून काय होणार? ज्याच्याशी भांडायचं तो माणूस भांडायला तयारच नाही. परीक्षक बरा होता, तो निदान 'तू चुकतेयस' असं तोंडावर म्हणाला होता. इथं प्रत्येक वाक्य उशीत बुक्की मारल्यासारखं आत जायचं आणि उशी पुन्हा फुगायची. बाबानं काडी तिला परत दिली, अगदी हळुवार, जणू काडीच दुखणाईत होती. "पुढच्या वसंतात बघू," तो म्हणाला.

"पुढच्या वसंतात टेकडी लावून झालेली असेल!"

"ते आहेच," बाबा म्हणाला आणि पुढची झेंडी रोवली.

तेवढ्यात खालून आईनं हाक मारली. तिनं लेमन बार केले होते, गरम होते तोवर खायला हवे होते. सिग्नी दाणदाण पाय आपटत खाली उतरली. बार खाल्ले. तीन खाल्ले. राग आला की तिला भूक लागते आणि त्याचा आणखी राग येतो.

पुढचे दहा दिवस तिनं काय नाही केलं! काड्या नाश्त्याच्या टेबलावर मांडून ठेवल्या. बाबानं त्या बाजूला सारून दुधाचा जार ठेवला. चिरलेल्या डोळ्यांचे फोटो मोठे छापून फ्रिजला चिकटवले. आईनं त्यावर किराण्याची यादी लावली. "मी वेंडेलना सांगू का?" असं तिनं जेवताना विचारलं तर बाबा म्हणाला, "वेंडेलला आत्ता टर्कीची पिल्लं आलीत, गडबडीत असेल," आणि विषय पिल्लांवर गेला. खोटं कोणीच बोलत नव्हतं. खरं तेवढं कोणाला बोलायचं नव्हतं.

*

मार्चच्या शेवटी पुन्हा बर्फ झाला. चांगला मांडीभर. शाळा बंद. बाबा पहाटेच ट्रक घेऊन रस्त्यावर गेलेला. सिग्नी उशिरा उठली, कोकोचा कप घेऊन खिडकीशी आली आणि कप तसाच धरून उभी राहिली.

आई अंगण साफ करत होती. बर्फ उडवायचा ब्लोअर ढकलत, नेहमीसारखी. पण ब्लोअरचं तोंड वायव्येला वळवलेलं होतं, थेट वाऱ्यावर.

इथं ज्यानं ज्यानं ब्लोअर हातात घेतलाय, त्या प्रत्येकाला एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. बर्फ वाऱ्यासोबत उडवायचा. वाऱ्याविरुद्ध उडवला तर तो फिरून तुमच्याच तोंडावर येतो. शेंबडं पोरसुद्धा ही चूक दुसऱ्यांदा करत नाही. आणि आई, जिचा जन्म इथलाच, जिनं चाळीसेक हिवाळे अंगणं साफ केली, ती वाऱ्याविरुद्ध बर्फ उडवत होती. अर्धा बर्फ उलटून तिच्या तोंडावर येत होता. भुवया पांढऱ्या, स्कार्फ पांढरा, मधून मधून थांबून ती चष्मा पुसत होती आणि पुन्हा तेच. उरलेला अर्धा बर्फ कमान करून पहिल्या ओळीवर पडत होता. चार-अकरावर. नीट, सारखा, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सिग्नी मागच्या दाराशी बुटांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. आई आत आली, जॅकेट झटकलं आणि लेकीचा चेहरा पाहून थबकली.

"तू होतीस," सिग्नी म्हणाली.

आईनं काही तरी वेगळं बोलायचा विचार केला, तो तिच्या चेहऱ्यावर दिसला, आणि मग सोडूनही दिला. ती बाकावर बसली. "मोजे भिजलेत," म्हणाली.

"आई!"

"थोडासाच तर टाकते. अंगणातला बर्फ कुठेतरी टाकायचाच असतो ना."

"वाऱ्याविरुद्ध? किती वर्षं?"

"तू सातवीत होतीस तेव्हापासून." आई बुटांच्या नाड्यांशी झटत होती, बोटं गारठलेली. "त्याच्या आधीच्या वर्षी वाफ्यातलं सगळं मेलं होतं, आठवतंय? नसेल आठवत. तुझा बाबा सगळा मे महिना शेडमध्ये बसून पकडी पुसत होता. एकच पक्कड, बाळा. तीच तीच. ही एक वेल बर्फात दबली म्हणून वाचली होती. मला वाटलं, ही पण गेली तर... थोडंसं पांघरूण घातलं तर काय बिघडतं?"

"काय बिघडतं? आई, परीक्षेत तू तिला कॉपी पुरवलीस! दर वर्षी! आणि मी मूर्खासारखी माइकवर उभी राहून तिचा पहिला नंबर जाहीर केला!"

"मला कुठं माहीत होतं तो सगळी टेकडी लावायचं म्हणेल? बैठकीत तो उठला तेव्हा माझ्या हातातलं फडकं..." आई थांबली. "त्याच दिवशी सांगणार होते मी."

"मग?"

"तो गाडीत शीळ घालत होता."

सिग्नी भिंतीला टेकली. काय बोलायचं या बाईला? पांढऱ्या भुवया वितळून तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते फक्त भुवयांचंच आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. सिग्नीला एकाच वेळी तिला मिठी मारावीशी वाटत होती आणि ब्लोअर ओढ्यात ढकलून द्यावासा वाटत होता. मे महिन्यात टेकडीवर शेकडो कलमं लागली असती. पुढच्या जानेवारीत वारा त्यांच्यावरचा एकेक कण झाडून नेणार, आणि त्यानंतरच्या मे महिन्यात शेडमध्ये पुन्हा ती पक्कड. आणि वेंडेलच्या शेतात, मार्लिसबाईंच्या शेतात, सगळीकडे मेलेली चार-अकरा, आणि सगळे चहूबाजूंनी म्हणणार, 'वेगळी जात आहे हं तुमची.'

"आज जेवताना सांगायचं," सिग्नी म्हणाली. "तू सांगतेस की मी?"

"मी सांगते," आई म्हणाली. मग मोजे पिळता पिळता, "आज तो दमलेला असेल पण."

*

बाबा दमलेलाच आला. जेवायला हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला खिमा-भाजीचा थर, होतं, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे, आणि वाटाणे. प्रार्थना झाली. सिग्नीनं आईकडे पाहिलं. आईनं वाटाण्यांचं भांडं बाबाकडे सरकवलं. बाबानं सांगितलं की पुलाजवळ एक दुधाचा ट्रक घसरला होता, पण कोणाला लागलं नाही. आई म्हणाली, "देवाची कृपा." सिग्नीनं पुन्हा आईकडे पाहिलं. आईनं वाटाण्यांचं भांडं सिग्नीकडे सरकवलं.

"आईला तुला काहीतरी सांगायचंय, बाबा," सिग्नी म्हणाली.

"आणखी कोणाला हॉटडिश?" आई म्हणाली.

बस. सिग्नीनं काटा खाली ठेवला.

"पहिल्या ओळीवरचा बर्फ आई टाकते. ब्लोअरनं. मी सातवीत होते तेव्हापासून. शेडच्या आडोशाचा नाही तो. चार-अकरा थंडीत कधी उभीच राहिली नाही, बाबा. ती पांघरुणात होती. तीनही वर्षं."

आईनं डोळे मिटले. बाबाचा घास तोंडाजवळ थांबला. त्यानं आईकडे पाहिलं, रागानं नव्हे. मग त्यानं घास ताटात ठेवला.

"तरीच तुझा चष्मा," तो आईला म्हणाला. "दर बर्फाला तू चष्मा गोठलाय म्हणून चुलीपाशी धरायचीस."

"रोल्फ, मी..."

"मी पाहिला होता तो ढीग," बाबा म्हणाला. आता तो कोणाकडेच बघत नव्हता. "मी दिवसभर बर्फच काढतो, जेनेल. वारा कुठून येतो आणि बर्फ कुठे साचतो हे मला कळत नाही का? पाहिला होता. म्हटलं, असेल. शेडमुळे असेल."

"दर वर्षी म्हटलंस?" सिग्नीनं विचारलं.

"दर वर्षी."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! आईला माहीत होतं, बाबाला माहीत होतं, आणि दोघांनी एकमेकांना जपत जपत सगळी टेकडी झेंड्यांनी भरून टाकली होती. सिग्नीच्या डोळ्यांत रागाचं पाणी आलं. एका छताखाली राहणाऱ्या दोन माणसांना 'ही वेल मरेल' एवढे तीन शब्द बोलता येऊ नयेत?

"चांगली होती पण ती," बाबा पुटपुटला. "वेंडेलनं मागून घेतली."

"चांगलीच आहे! मी कुठं नाही म्हणतेय? या घरातलं सगळ्यांत चांगलं फळ आहे ते. पण चांगली आहे आणि जगेल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण एकीचे गुण दुसरीला देत बसलोय!"

"यंदा अर्धीच टेकडी लावली तर?" आई हळूच म्हणाली. "म्हणजे मधला मार्ग..."

"हो," बाबा लगेच म्हणाला, "किंवा टेकडीवर बर्फ अडवायला कुंपण..."

"नाही!"

सिग्नी उठून उभी राहिली. खुर्ची मागे कोलमडली, तिनं ती उचलली नाही. समोर आई-बाबा, दोघंही खांदे पाडून, शाळेत ओरडा खाणाऱ्या मुलांसारखे बसलेले. तिनं आवाज खाली येऊ दिला नाही.

"मी ठरवलंय. छाटणी मी केलीय, काड्या मी बांधल्यात, त्या ज्यात ठेवल्यात तो घराच्या तळघरातला भुसा मी ओला ठेवतेय, तेव्हा ऐका. मे महिन्यात टेकडीवर चार-अकराची एकच ओळ लागेल. अगदी माथ्यावर, जिथं बर्फाचा कण टिकत नाही. शेजारी एक ओळ फ्रॉन्टेनॅकची, तुलनेला. बाकी टेकडीवर ओट पेरायचे. कुंपण नाही, आडोसा नाही, काही नाही. दोन हिवाळे तिथं काढले तर तिसऱ्या वर्षी सगळी टेकडी तिची, मी स्वतः खड्डे खणेन. मेली तर मेली, आणि मेली असं आपण मोठ्यानं म्हणायचं. ज्यांनी काड्या मागितल्यात त्या सगळ्यांना उद्या मी फोन करणार आहे. माझे आकडे पांघरुणातले होते, काड्या मिळणार नाहीत, असं सांगणार आहे. वेंडेलपासून सुरुवात. आणि आई, अंगणातली ओळ तुझी. घाल तिला हवा तेवढा बर्फ, खुशाल तोंडावर घे, द्राक्षं आपण सगळे मिळून खाऊ. पण तिचे डोळे मी पुन्हा कधी मोजणार नाही."